प्रायमरी की आणि अर्धा कप

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा आईनं आधी त्याला ओवाळलं आणि मग त्याच्यासाठी कपडे शिवले. जुन्या परकराचं एक झाकण पडद्याला, एक खालच्या डब्याला, एक प्रिंटरला, आणि उरलेल्या चिंधीचं एवढंसं माऊसला. ते माऊसचं झाकण बघून दादा म्हणाले, "थंडीचं ह्याला कुंचीबी शिव." दादा म्हणजे आमचे वडील. ते विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून द्यायचे. ओसरीवर त्यांचं हातानं फिरवायचं यंत्र दिवसभर करकरत असे आणि घराला वार्निशचा वास असे, इतका की आमच्याकडं जेवलेला माणूस भाकरीलाही वार्निशचा वास येतो म्हणायचा. ढोकीचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, त्या क्लासवाल्याच्या शेतातली मोटार दादांनी भरून दिली आणि बदल्यात हा जुना कॉम्प्युटर आणि त्याहून जुना प्रिंटर ट्रॅक्टरमधून उसाच्या पाचटावर ठेवून घरी आणला. विजेचा भरवसा नव्हताच, म्हणून दादांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काहीतरी जुगाड केलं. ते चालायचं. चालताना गुणगुणायचं, पण चालायचं.

मी तेव्हा उस्मानाबादला बी.सी.एस. करत होते, शेवटच्या वर्षाला. रोज सकाळी एस्टीनं जायचं आणि दुपारी उन्हात परत यायचं. कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत गार हवा असे, त्यामुळं देवळात गेल्यासारखं वाटे आणि पोरी तशाच हळू आवाजात बोलत. डेटाबेस शिकवणारे सर मात्र खणखणीत होते. त्यांनी पहिल्या तासाला फळ्यावर एक चौकट काढली, तिच्यात उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि सांगितलं की जगातली कोणतीही माहिती अशी खणांत बसवता येते, फक्त प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख पाहिजे. तिला म्हणायचं प्रायमरी की. तिच्या अटी तीन. ती दोघांची सारखी असता कामा नये. ती कधी रिकामी असता कामा नये. आणि ती सारखी बदलता कामा नये. मी हे वहीत उतरवून घेतलं आणि मला वाटलं, एवढं सोपं असेल तर मी नक्की पास होणार.

आता मी त्याच शहरात, तशाच एका खोलीत हाच धडा शिकवते. शहराचं नाव मध्ये बदलून धाराशिव झालं. आमच्या कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये मी प्रत्येक गावाला आणि जिल्ह्याला आकडा देऊन ठेवला होता, म्हणून मला एका जागी एक शब्द बदलावा लागला आणि मी डबा खायला गेले. माझ्या एका मैत्रिणीच्या ऑफिसात जिल्ह्याच्या नावालाच की केलेलं होतं. ती बिचारी पुढं बरेच दिवस फोन उचलत नव्हती. पण हा शहाणपणा मला पुस्तकातनं आलेला नाही. तो आला आमच्या उषाताईच्या लग्नातनं.

उषाताई माझी थोरली बहीण. तिचं लग्न ठरलं आणि घरात शेवयांचा पाट निघाला, कुरडया पत्र्यावर चढल्या, भूमहून खवा आणायला कोण जाणार यावर वाद सुरू झाला. कारखान्याचं गाळप संपलेलं, उसाच्या गाड्या थांबलेल्या, त्यामुळं गावाला दुसरं काम नव्हतं. आमच्याकडं लग्नात जेवण बिघडलं तर माणसं विसरतात, पण आवतन चुकलं तर नातवंडांना सांगून जातात. पत्रिका कुणाच्या हातानं दिली, अक्षता दिल्या का, पाकिटावर नाव पुरं होतं का, शेजारच्याला आधी दिली का, सगळं बघितलं जातं. जो रुसतो तो भांडत नाही. तो नुसता येत नाही, आणि त्याचं न येणं मांडवात सगळ्यांना दिसतं. अण्णांच्या मुलाच्या लग्नात असे इतके जण रुसले होते की वरणाची काहील उतरवायला माणसं कमी पडली.

अण्णा म्हणजे दादांचे थोरले भाऊ. वाटण्या होऊन त्यांचं घर पुढच्या गल्लीत गेलं होतं, पण आमच्या घरातले निर्णय अजून त्यांच्याकडंच होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि ज्या घरात भांडण असेल त्या घराच्या ओसरीवर अण्णा. कुणी चहा ठेवला की हात आडवा करून म्हणायचे, "अर्धाच टाका." मला पुढं लातूरला जाऊन एम.एस्सी. करायची होती. अण्णांचं म्हणणं होतं की उषाच्या मांडवाचे खांब काढायचे कशाला, ते तसेच ठेवून शैलीचंही उरकून टाकू. शैली म्हणजे मी.

"आन ते कॉम्प्युटर काय कामाचं?" त्यांनी दादांना विचारलं. "त्याच्यावर भाकरी भाजती का पानी शेंदतंय?"

"उषीच्या लग्नाची सगळी आवतनं करील," दादा म्हणाले. "एक मानूस सुटणार न्हाय, एक रुसणार न्हाय."

"कुणीच न्हाय?"

"कुणीच न्हाय."

अण्णा अर्ध्या कपातला शेवटचा घोट घेत म्हणाले, "मग लागली पैज. एकबी रुसला न्हाय तर शैलीला खुशाल लातूरला धाड. एक जरी रुसला तरी आपली आमची परभणीची सोयरीक." परभणीची सोयरीक म्हणजे एक खताचा दुकानदार होता. माणूस वाईट नसावा. पण मला बघायचं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी कॉम्प्युटरपुढं आणि दादा यंत्र पुढ्यात घेऊन बाजल्यावर, असं आमचं काम सुरू झालं. तेच माझं परीक्षेचं प्रोजेक्टही ठरलं. दादा नावं सांगत, मी टाइप करी. पहिल्याच गल्लीत गाडी अडली. दत्तात्रय किसनराव एक झाला, मग दुसरा आला, मग तिसरा. आडनाव तर अर्ध्या गावाचं एकच. मी दादांना सरांच्या तीन अटी समजावून सांगितल्या आणि म्हटलं, सरळ नंबर देऊ. दादांनी यंत्र थांबवलं. ते तार भरताना कधी यंत्र थांबवत नसत.

"नंबर? मग एक नंबर कोन?"

"कुणीही. आधी ज्याचं नाव टाकू तो."

"येडी का तू? ज्याला दोन नंबर देशील तो मांडवात येईल व्हय? आन पाटलांना बावीस आला तर?"

"दादा, त्या नंबरला काही अर्थ नसतो. तो फक्त ओळखीसाठी."

"तुझ्या कॉलेजात नसंल. हितं पंगतीत कोन कुठं बसला त्यालाबी अर्थ असतो."

मी वाद घातला नाही, कारण परभणी डोळ्यांपुढं होती. मग दादांनीच तोडगा काढला. गावात तीन दत्तात्रय असले तरी 'रेडिओ' एकच आहे. 'एस्टी' एकच, कारण तो कायम घाईत असतो आणि कायम उशिरा पोचतो. 'जावई' एकच, तो घरजावई होऊन आला होता आणि त्याला स्वतःला दोन जावई आले तरी गावाचा जावई तोच. मी सरांच्या अटी लावून बघितल्या. दोघांना एक टोपणनाव? कधीच नाही, गाव तेवढं काळजीपूर्वक ठेवतं. रिकामं? टोपणनाव नसलेला माणूस आमच्या गावात जगूच शकत नाही. बदलतं? मेल्यावरसुद्धा नाही. मी खूश झाले. आमच्या गावानं माझ्या जन्माच्या आधीपासून बिनचूक प्रायमरी की तयार करून ठेवली होती, आणि कुणी तिला कॉलेजात बोलावलं नव्हतं एवढंच.

अण्णांच्या ओळीशी मात्र आम्ही थांबलो. घरच्या थोरल्यालाही अक्षता घेऊन रीतसर आवतन द्यावं लागतं, म्हणून त्यांची नोंद हवीच होती. मी खण रिकामा ठेवून पुढं जायला बघितलं, तर कॉम्प्युटर नोंद घेईना. टुण्ण करून नकार देई. मीच तसं सांगितलेलं होतं त्याला.

"अण्णांना काही नाव नाही का?" मी विचारलं.

दादांनी दाराकडं बघितलं. मग बाजल्यावरून उठून माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "अर्धा कप." पाठीमागं शेवया वळणाऱ्या बायकांत एकदम हसू फुटलं. आईनं पदर तोंडात धरला. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. मी टाइप केलं. टुण्ण झालं नाही.

छपाईसाठी मी दोन नमुने केले होते. एक आमच्या तपासणीचा, त्यात नावापुढं कंसात टोपणनाव. दुसरा पाकिटावर चिकटवायचा, त्यात फक्त 'श्री.' आणि पुरं नाव. परीक्षेच्या दिवशी मी हे सगळं फ्लॉपीत घालून उस्मानाबादला गेले. बाहेरून आलेले परीक्षक जाड भिंगांचे होते. त्यांनी विचारलं, "यात प्रायमरी की कोणती?" मी सांगितली. ते हसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आणि हे बाहेर कुणाला दिसलं तर?"

"बाहेर दिसत नाही सर," मी ठणकावून सांगितलं. "ते फक्त आत असतं."

प्रिंटर काही बॅटरीवर चालत नसे, आणि त्याच वेळी इकडं घरी लाइट आली होती. दादांना वाटलं, पोरगी येईपर्यंत पुन्हा जाईल, आपणच छापून घेऊ. त्यांना दोन्ही नमुने उघडता येत होते. त्यांनी विचार केला आणि, मला आजही म्हणावं लागेल, विचार अगदी नीट केला. पाकिटावर नुसतं 'दत्तात्रय किसनराव' असेल तर वाटणाऱ्या पोरांना कळणार कसं, कुठला? म्हणून त्यांनी कंसवाला नमुना छापला. आईनं खळ करून दिली, भावकीतली पोरं बसली, पाकिटं चिकटली, अक्षता पडल्या, आणि माझी एस्टी येडशीच्या फाट्यावर पंक्चर काढत उभी होती तोवर अख्खं गाव वाटून झालं.

मी स्टँडवर उतरले. समोर दत्तात्रय किसनराव उभे. हातात पाकीट.

"शैले, हे काय गं? तुझ्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलं मला रेडिओ म्हनत्यात म्हनून?"

माझ्या पायाखालची जमीन मुरमाची होती म्हणून टिकली. मी काही बोलायच्या आत ते मागं वळले आणि ओरडले, "ए एस्टी! तुझं दाखव की हिला!" पारावर सगळे पाकिटं घेऊन बसले होते. एकमेकांची वाचत होते. कुणी रागावलेलं नव्हतं, कारण कुणीच सुटलेलं नव्हतं. उलट एक म्हातारबुवा माझ्यावर डाफरले की त्यांचं नाव छापताना एक वेलांटी गाळली. मी घरापर्यंत जाताना मनातल्या मनात लातूरची ट्रंक भरली. दारात पोचले तेव्हा दादा ओसरीवर बसलेले. यंत्र बंद.

"अण्णांना कुणी नेऊन दिलं?" मी विचारलं.

"म्याच. थोरल्याला दुसऱ्याच्या हातानं देऊन कसं चालंल? गडबडीत कंसातलं ध्यानातच आलं न्हाय," दादा म्हणाले. "चष्मा सापडंना त्यांचा. तुझ्या काकूनं वाचून दाखवलं. मोठ्यानं."

आमच्या भावकीत मांडवाची पहिली मेढ थोरल्याच्या हातानं पुरायची रीत आहे. मेढीच्या दिवशी खड्डा खणून झाला होता. आंब्याचे डहाळे बांधलेला खांब अंगणात आडवा पडला होता, बाकीचे बांबू त्याच्या शेजारी. अण्णा आले नाहीत. मांडववाला सकाळी येऊन गेला, दुपारी येऊन गेला. दादा दोनदा पुढच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. आडव्या खांबावर कोंबड्या बसायला लागल्या. आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. शेवटी मीच गेले.

अण्णा बाजल्यावर बसलेले, पाकीट उशाशी. काकू चुलीपुढं. काकू मला खुणेनंच म्हणाल्या की तेव्हापासून चहा बंद आहे, अर्धासुद्धा.

"बस," अण्णा म्हणाले. "हे नाव कुणी ठिवलं?"

"गावानं."

"गाव म्हंजे कोन?"

काकू चुलीत फुंकर घालत म्हणाल्या, "म्या लगीन होऊन आले तवा वेशीतच ऐकलं. अर्ध्या कपाची बायकू आली म्हनून."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना एवढं हतबुद्ध झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. आयुष्यभर प्रत्येक ओसरीवर मोठेपणानं नको म्हटलेला तो उरलेला अर्धा कप गावानं त्यांच्याच नावावर जमा करून ठेवला होता. त्यांनी उशाचं पाकीट पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. मग विचारलं, "समद्यांची छापलीस?"

"सगळ्यांची. पाटलांचंसुद्धा."

"पाटलांचंबी?" त्यांच्या आवाजात थोडी जान आली. "तुझ्या बापाचं काय छापलंस?"

"दादांना पाकीट नाही. ते बोलावणारे आहेत."

"असं. म्हंजे अख्ख्या गावाला नाव हाय, एकट्या तुझ्या बापाला न्हाय."

 खरंच, दादांची नोंदच केलेली नव्हती. सरांनी की कशी निवडायची ते सांगितलं होतं, पण यादी करणारा माणूसच यादीतून सुटतो हे सांगितलं नव्हतं.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "त्याला माझ्याकडनं आवतन छाप. पुतणी माझीबी हाय. कंसासकट छाप."

"दादांना काय म्हणतात?"

अण्णांनी काकूंकडं बघितलं. काकू हसत हसत म्हणाल्या, "फ्यूज."

मी घरी आले, नोंद केली, छापली. प्रिंटर किर्र किर्र करत एक ओळ ओकला. अण्णा टोपी घालून, हातात अक्षता घेऊन आमच्या दारात आले आणि धाकट्या भावाला रीतसर वाकून पाकीट दिलं. दादांनी वाचलं.

"फ्यूज? मला? कोन म्हनतं मला फ्यूज? नाव सांगा एकाचं! बघतोच त्याच्याकडं!"

आई कुरडया उलटत म्हणाली, "बघा. उडाला."

अण्णा जे हसायला लागले ते मेढ पुरेपर्यंत हसतच होते. खांब थोडा तिरका बसला. लग्नभर तो तिरकाच राहिला.

लग्न चांगलं झालं. गुलाबजाम पुरले, वरात वेळेत आली, गावातलं एक पाकीट वाया गेलं नाही. चहावाला किटली घेऊन मांडवात फिरत अण्णांपाशी आला आणि सवयीनं म्हणाला, "अण्णा, अर्धाच ना?" आजूबाजूच्या दहा-वीस डोक्यांनी एकदम दुसरीकडं बघायला सुरुवात केली. अण्णा म्हणाले, "भर." त्यांनी पुरा कप कडू काढा प्यावा तसा संपवला. उषाताईची पाठवणी झाल्यावर दादा त्यांच्याजवळ गेले आणि छाती काढून म्हणाले, "बघा अण्णा, एकबी रुसला न्हाय."

"म्या रुसलो हुतो की. पैज हारलास तू."

दादांची छाती आत गेली. मी उष्ट्या पत्रावळी उचलत होते, ती तशीच थांबले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि दादांना म्हणाले, "पन हिला लातूरलाच धाड. हितं ठिवली तर अजून काय काय छापील."

आता मी पोरांना शिकवते, प्रायमरी की म्हणजे बिनअर्थाचा आकडा असावा आणि पहिली नोंद नेहमी चाचणीची असावी. उषाताईच्या नंतरच्या सगळ्या लग्नकार्यांत आमच्या यादीत एक नंबर आमच्या मोत्या कुत्र्याचा असे. मोत्या गेला तरी त्याचा नंबर आम्ही कुणाला दिला नाही. मग पाटलांपासून खाली कुणीच पहिल्या नंबराचा मान मागितला नाही. अण्णा मात्र एकदा बराच वेळ पडद्याकडं बघून म्हणाले होते, "म्हंजे म्या मोत्याच्या मागं?" पोरं वर्गात हसतात. पाठीमागं मलाही काहीतरी नाव ठेवलेलं असणार. मी विचारत नाही. काकूंचं तत्त्व मला पटलेलं आहे.

लातूरला निघाले त्या दिवशी ट्रंक दादांनी उचलली. अण्णा आधीच स्टँडवर जाऊन बसले होते. येडशीकडून येणारी गाडी लांब दिसायला लागली होती. त्यांनी हॉटेलवाल्याला हाक मारून पुरा कप मागवला, अर्धा प्यायला, आणि उरलेला बशीत ओतून बशी माझ्याकडं सरकवली.

"घे," ते म्हणाले. "गाव खोटं पडाया नगं."